एक सही, दहा प्रश्न

वाचकहो, नागरिकशास्त्राच्या पुस्तकातली एक गोष्ट आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलेली आहे. विधिमंडळाने विधेयक मंजूर करायचे, राज्यपालांनी त्यावर सही करायची आणि मग त्याचा कायदा व्हायचा. एवढे लिहिले की दोन गुण हमखास! पण सही झालीच नाही तर? हा प्रश्न कुठल्या परीक्षेत विचारल्याचे ऐकिवात नाही. आमच्या रायपुरात मात्र २०२२ च्या डिसेंबरात तो उभा राहिला, आणि कितीतरी घरांतल्या मुलामुलींचे प्रवेश आणि नोकऱ्या त्याच्याशी जोडलेल्या होत्या.

राज्यपाल आणि सरकार यांचा वाद म्हटला की आपण वर्तमानपत्राचे पान उलटतो. 'चालू दे त्यांचे राजकारण,' असे म्हणून मोकळे होतो. पण ज्या घरात बारावीचा निकाल हातात घेऊन कुणी बसले आहे, किंवा सरकारी भरतीचा फॉर्म भरून कुणी दोन-दोन वर्षे वाट पाहत आहे, त्या घराला हे पान उलटून चालत नाही. म्हणून या वेळी हा विषय जरा सावकाशीने समजून घेऊ.

रायपुरात काय घडले?

छत्तीसगडमध्ये २०१२ पासून एकूण ५८ टक्के आरक्षण लागू होते. आदिवासींना ३२, अनुसूचित जातींना १२ आणि इतर मागासवर्गीयांना १४ टक्के. बिलासपूरच्या उच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०२२ रोजी निकाल दिला की, ५० टक्क्यांच्या वरचे हे आरक्षण घटनेत बसत नाही. झाले! कोणत्या समाजाला किती जागा, हेच ठरेनासे झाले. प्रवेशांच्या याद्या अडल्या. भरतीच्या प्रक्रिया थांबल्या. राज्य लोकसेवा आयोगाचा निकालही त्यात अडकला. ज्या राज्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे जवळजवळ ३१ टक्के लोक आदिवासी आहेत, तिथे यावरून असंतोष होणार हे उघडच होते.

यावर उपाय म्हणून भूपेश बघेल यांच्या सरकारने विधानसभेचे खास अधिवेशन बोलावले. २ डिसेंबर २०२२ रोजी दोन विधेयके मंजूर झाली, एक नोकऱ्यांसाठी आणि दुसरे शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशांसाठी. त्यांत आदिवासींना ३२, इतर मागासवर्गीयांना २७, अनुसूचित जातींना १३ आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ४ टक्के, असे मिळून आरक्षण ७६ टक्क्यांवर गेले. विधेयके राजभवनावर पोहोचली. आता फक्त राज्यपालांची सही व्हायची होती.

राज्यपाल होत्या अनुसुईया उइके. त्या स्वतः आदिवासी समाजातल्या. त्यांचे म्हणणे असे की, आदिवासींचे आरक्षण टिकावे असे मलाही वाटते. पण ५८ टक्के जिथे न्यायालयात टिकले नाही, तिथे ७६ टक्के कसे टिकणार? त्यांनी सरकारला दहा प्रश्न विचारले. ५० टक्क्यांच्या वर जाण्याइतकी कोणती खास परिस्थिती राज्यात आहे, त्यासाठी आकडेवारी गोळा केली आहे का, असा त्यांचा रोख होता. सरकारने उत्तरे धाडली. सही झाली नाही. सरकारचे म्हणणे असे की, विधानसभेने मंजूर केलेल्या विधेयकाचा जाबजबाब मंत्रालयाला विचारण्याची पद्धत घटनेत नाही. सही करा, नाहीतर विधेयक परत पाठवा. ३ जानेवारी २०२३ रोजी सत्ताधारी पक्षाने रायपुरात या मागणीसाठी मोठा मेळावाही घेतला. तरी सही झाली नाही आणि विधेयके परतही आली नाहीत.

प्रकरण उच्च न्यायालयात गेले. राजभवनाला नोटीस निघाली. मग राज्यपालांना न्यायालयात उत्तर देण्यापासून संरक्षण देणाऱ्या ३६१ व्या कलमाकडे बोट दाखवले गेले आणि काही दिवसांतच त्या नोटिशीला स्थगिती मिळाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये उइके यांची मणिपूरला बदली झाली आणि विश्वभूषण हरिचंदन राज्यपाल म्हणून आले. विधेयके होती तिथेच राहिली.

साखळी ओढली, पण गार्ड आला नाही

आपल्यापैकी बहुतेकांनी रेल्वेच्या डब्यातली ती लाल साखळी पाहिली आहे. रायपूरहून नागपूरला जाताना वाटेत कुणीतरी ती ओढतोच. गाडी थांबते. मग गार्ड किंवा पोलीस येऊन विचारतात, कुणी ओढली आणि का? कारण खरे असेल तर अडचण दूर करतात. खोटे असेल तर दंड करतात. पण दोन्ही वेळा गाडी पुढे निघते. साखळी ओढून कुणी गप्प बसून राहिला आणि विचारायलाही कुणी आले नाही, तर ती गाडी रानातच उभी राहील.

राज्यकारभारात ज्याला 'व्हेटो' किंवा नकाराधिकार म्हणतात, ती अशीच साखळी आहे. मूळ शब्द लॅटिन, अर्थ 'मी मनाई करतो'. प्राचीन रोममध्ये सामान्य जनतेचे प्रतिनिधी असलेले ट्रिब्यून हा शब्द उच्चारून सत्ताधाऱ्यांचा निर्णय रोखू शकत. म्हणजे हा अधिकार जन्माला आला तो दुबळ्यांची ढाल म्हणून. पुढे तो राजांच्या हाती गेला. इंग्लंडमध्ये राणी ॲन हिने १७०८ साली स्कॉटलंडमधल्या लष्करी दलाविषयीच्या विधेयकाला संमती नाकारली. त्यानंतर तिथल्या कुठल्याही राजाने वा राणीने पार्लमेंटच्या विधेयकाला नकार दिलेला नाही.

या अधिकाराला पक्की चौकट दिली ती अमेरिकेच्या राज्यघटनेने. तिथे काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, मंजूर केलेले विधेयक राष्ट्राध्यक्षांकडे जाते. रविवार सोडून दहा दिवसांची मुदत असते. पसंत नसेल तर आक्षेप लिहून ते परत पाठवावे लागते. मग दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी ते पुन्हा मंजूर केले, तर राष्ट्राध्यक्षांना न जुमानता कायदा होतो. आणि दहा दिवस ते नुसतेच गप्प बसले तर? तर विधेयक सहीशिवायच कायदा बनते. फक्त त्या दहा दिवसांत काँग्रेसचे अधिवेशन संपले असेल तर ते मरते. राष्ट्राध्यक्षांनी विधेयक खिशात घातले, या अर्थाने त्याला 'पॉकेट व्हेटो' म्हणतात. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी आपल्या कारकिर्दीत ६३५ वेळा नकाराधिकार वापरला आणि काँग्रेसला त्यांपैकी फक्त ९ वेळा तो मोडून काढता आला. एवढा जबर अधिकार. पण त्यालाही तारखेचे बंधन!

मोघम शब्दांची गोष्ट

आता आपल्याकडे वळू. आपली पद्धत अमेरिकेपेक्षा वेगळी आहे. तिथला राष्ट्राध्यक्ष स्वतः निवडून येतो आणि खरा कारभार तोच करतो. आपल्याकडे कारभार मंत्रिमंडळ करते आणि ते मंत्रिमंडळ विधानसभेतल्या बहुमतातूनच येते. राज्यपाल निवडून आलेले नसतात. केंद्र सरकारच्या सल्ल्याने राष्ट्रपती त्यांची नेमणूक करतात. म्हणून आपल्या घटनाकारांनी अखेरचा शब्द राज्यपालांना दिला नाही.

घटनेच्या २०० व्या कलमाप्रमाणे विधेयक समोर आल्यावर राज्यपालांना संमती देता येते, संमती रोखता येते किंवा ते राष्ट्रपतींकडे पाठवता येते. अर्थविषयक विधेयक सोडले, तर 'याचा फेरविचार करा' असा संदेश जोडून ते सभागृहाकडे परतही पाठवता येते. सभागृहाने ते पुन्हा मंजूर केले, मग त्यात बदल केलेला असो वा नसो, तर राज्यपालांनी संमती रोखायची नाही. संसदेच्या विधेयकांबाबत राष्ट्रपतींसाठी १११ व्या कलमात साधारण अशीच व्यवस्था आहे. म्हणजे साखळी एकदा ओढता येते. पुढे गाडी न्यायची की नाही, हे निवडून आलेले सभागृह ठरवते.

मग अडचण कुठे आली? ती आली मुदतीत. घटनेच्या मसुद्यात राष्ट्रपतींनी विधेयक परत पाठवण्यासाठी सहा आठवड्यांची मुदत लिहिलेली होती. मे १९४९ मध्ये घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुरुस्ती मांडली की, सहा आठवड्यांच्या जागी 'शक्य तितक्या लवकर' असे शब्द घालावेत. त्या वेळी हरी विष्णू कामत उठले. हे शब्द फार मोघम आहेत, अशी त्यांची हरकत होती. कामत हे घटना समितीत मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे प्रतिनिधी होते. आज निरनिराळ्या राज्यांत असलेले रायपूर, बिलासपूर, नागपूर आणि अमरावती हे सगळे तेव्हा त्या एकाच प्रांतात होते आणि त्याची राजधानी नागपूर होती. म्हणजे जी शंका आपल्याच मुलखाच्या प्रतिनिधीने काढली, तीच त्र्याहत्तर वर्षांनी आपल्याच मुलखात खरी ठरली!

कामतांची हरकत मान्य झाली नाही. राज्यपालांच्या कलमातही 'शक्य तितक्या लवकर' हेच शब्द आले. त्यांचा सरळ अर्थ घेतला तर ते सहा आठवड्यांपेक्षाही घाई सुचवतात. घटनाकारांना वाटले असावे की, एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाला कॅलेंडर दाखवण्याची गरज पडू नये. चांगल्या घरात पाहुण्याला 'कधी जाणार?' असे विचारत नाहीत, तसेच हे. पण सगळेच पाहुणे सारखे नसतात.

मौनाची जुनी उदाहरणे

रायपूरचे प्रकरण काही पहिले नव्हे. १९८६ साली संसदेने टपाल खात्याविषयीचे एक विधेयक मंजूर केले. लोकांची पत्रे अडवून तपासण्याचा मोठा अधिकार त्यातून सरकारला मिळणार होता. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. जुलै १९८७ मध्ये त्यांची मुदत संपली. त्यांच्यानंतर आलेल्या आर. वेंकटरमण यांनी सरकार बदलल्यावर, जानेवारी १९९० मध्ये, ते फेरविचारासाठी परत धाडले. अखेर २००२ साली ते मागे घेण्यात आले. घराघरांतली पत्रे वाचली, असे म्हणून आपण झैलसिंगांचे आभार मानू. पण रीत म्हणून पाहिले, तर संसदेला तीन वर्षे उत्तरच मिळाले नाही हेही खरे.

याच्या उलट उदाहरण डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे. खासदारांना लाभाची कोणती पदे ठेवता येतील, याविषयीचे विधेयक २००६ साली त्यांच्याकडे आले. त्यांना ते पटले नाही. मे महिन्याच्या अखेरीस त्यांनी ते फेरविचारासाठी परत पाठवले. दोन्ही सभागृहांनी ते पुन्हा मंजूर केले आणि ऑगस्टमध्ये कलामांनी सही केली. विधेयक बदलले नाही. पण देशभर त्यावर चर्चा झाली, कोण कशाच्या बाजूने आहे हे लोकांना कळले, आणि सगळे तीन महिन्यांच्या आत उरकले.

महाराष्ट्रातले उदाहरणही पाहा. १९९५ साली महाराष्ट्र विधिमंडळाने गोवंश हत्याबंदीसाठी प्राणिरक्षण कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मंजूर केले. ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेले. संमती मिळाली ती २०१५ च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात राज्यात विधानसभेच्या चार निवडणुका झाल्या. त्या कायद्याचे गुणदोष हा आजचा विषय नाही. त्यावर वाचकांची मते दोन्ही बाजूंनी असतील. पण १९९५ साली ज्या सभागृहाने हात वर केले, त्याचे कायदे वीस वर्षांनी दुसऱ्याच सभागृहाच्या काळात अमलात यावेत, हे विरोधकांनाही आणि समर्थकांनाही सारखेच गैरसोयीचे.

दुसऱ्या टोकाची साखळी

इथे एक गोष्ट विसरता कामा नये. साखळी काही एकाच बाजूला नसते. विधानसभेलाही सरकारला थांबवता येते, आणि तीही साखळी तितकीच महत्त्वाची आहे.

सभागृहाने मंजुरी दिल्याशिवाय सरकारला तिजोरीतला पैसा खर्च करता येत नाही. प्रश्नोत्तराच्या तासाला मंत्र्यांना उभे राहून उत्तर द्यावे लागते. आणि बहुमत गेले की अविश्वास ठरावाने सगळे मंत्रिमंडळच घरी जाते. रायपुरात जुलै २०२३ मध्ये विरोधी पक्षाने बघेल सरकारविरुद्ध असा ठराव आणला. तो फेटाळला गेला. पण त्या निमित्ताने सरकारला आपल्या कारभाराचा हिशोब सभागृहात द्यावा लागला.

अधिवेशन चालू नसताना सरकारला अध्यादेश काढता येतो. त्यावरही बंधन आहे. सभागृह पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत त्याला मान्यता मिळाली नाही, तर तो आपोआप संपतो. पाहा, इथे मात्र घटनेने आठवडे मोजून दिले आहेत! तरीही पळवाट निघालीच. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डी. सी. वाधवा बिहारमधल्या जमिनीच्या कायद्यांचा अभ्यास करत होते. तेव्हा त्यांच्या लक्षात आले की, तिथे तेच तेच अध्यादेश मुदत संपली की पुन्हा काढले जातात. त्यांनी मोजले. १९६७ ते १९८१ या काळात असे २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले होते. त्यांतला एक तर जवळजवळ चौदा वर्षे चालला. वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने ही प्रथा घटनेची फसवणूक ठरवली आणि बिहार सरकारने वाधवांना दहा हजार रुपये खर्चापोटी द्यावेत असा हुकूम केला. एका अभ्यासकाने केवळ तारखा मोजून एवढे काम केले.

या दोन्ही टोकांना पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. बिहारमध्ये सरकारने सभागृहाला टाळले आणि रायपुरात सभागृहाचे विधेयक राजभवनात थांबले. दोन्हीकडे कुणी 'नाही' असे तोंडाने म्हटले नव्हते. आणि 'नाही' म्हटले नाही, म्हणून पुढची पायरीच आली नाही.

दोन्ही बाजूंचे ऐकू

राज्यपालांचे दहा प्रश्न खोटे होते का? मुळीच नाही. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालापासून ५० टक्क्यांची मर्यादा हा नियम मानला जातो आणि ती ओलांडायची तर खास कारण दाखवावे लागते. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे सांगायला नको. मराठा आरक्षणाचा कायदा याच मुद्द्यावर मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पडला. घाईने सही केली असती आणि पुढच्या महिन्यात न्यायालयाने कायदा अडवला असता, तर मुलांचेच पुन्हा हाल झाले असते. म्हणजे साखळी ओढण्याला कारण होते.

सरकारचे म्हणणेही चुकीचे नव्हते. नव्वद आमदारांचे सभागृह लोकांनी निवडून दिले आहे. कायदा टिकेल की नाही हे ठरवायला न्यायालय आहे. राज्यपालांना शंका असेल तर त्यांनी ती सभागृहाला कळवावी.

आता विचार करा. हेच दहा प्रश्न संदेशात लिहून विधेयके डिसेंबरातच परत पाठवली असती तर? सभागृह जानेवारीत बसले असते. प्रत्येक प्रश्नावर आमदारांना बोलावे लागले असते. ७६ टक्क्यांसाठी कोणती आकडेवारी आहे, ती सरकारला सभागृहापुढे ठेवावी लागली असती, आणि ती आपल्या सगळ्यांना वाचायला मिळाली असती. विरोधी पक्षालाही नुसते 'सही करू नका' किंवा 'सही करा' म्हणून भागले नसते. मग विधेयक दुरुस्त होऊन वा न होता पुन्हा मंजूर झाले असते, सही झाली असती आणि गरज पडल्यास न्यायालयाने त्याचा निकाल लावला असता. कदाचित निकाल सरकारच्या विरुद्ध गेला असता. पण निकाल तरी लागला असता!

एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे चटकन पटेल. घरातल्या मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा विषय निघाला आणि आजोबा 'नाही' म्हणाले, तर तिची आई बोलू शकते, काका मध्ये पडू शकतात, शेवटी आजोबांचे मन वळते. पण आजोबांनी फॉर्म घेतला, घडी करून उशीखाली ठेवला आणि ते काहीच बोलले नाहीत, तर कुणी कुणाशी वाद घालायचा? आणि तोवर फॉर्मची मुदत निघून जाते.

छत्तीसगडमध्ये मुदत निघून जाऊ नये म्हणून शेवटी सर्वोच्च न्यायालयालाच हात घालावा लागला. १ मे २०२३ रोजी न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या निकालाला स्थगिती दिली आणि जुन्या ५८ टक्क्यांवर भरती चालू ठेवायला तात्पुरती मोकळीक दिली. त्यानंतर काही दिवसांतच लोकसेवा आयोगाचा अडलेला निकाल लागला. म्हणजे मुलांची वाट मोकळी झाली ती ना विधानसभेने, ना राजभवनाने. २०२३ च्या अखेरीस राज्यात निवडणूक होऊन सरकार बदलले, तोपर्यंतही त्या दोन विधेयकांचा कायदा झालेला नव्हता.

न्यायालयाने काय सांगितले?

हा प्रश्न छत्तीसगडपुरता राहिला नाही. पंजाब, तामिळनाडू, केरळ, अशी राज्यांमागून राज्ये न्यायालयात गेली. १० नोव्हेंबर २०२३ रोजी पंजाबच्या प्रकरणात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले की, संमती रोखायची असेल तर राज्यपालांनी विधेयक सभागृहाकडे परत पाठवलेच पाहिजे. नुसते ठेवून घेता येणार नाही.

८ एप्रिल २०२५ रोजी तामिळनाडूच्या प्रकरणात दोन न्यायाधीशांचे खंडपीठ त्याच्याही पुढे गेले. त्यांनी राज्यपालांना आणि राष्ट्रपतींना महिन्यांच्या हिशोबात मुदती आखून दिल्या आणि अडकलेल्या दहा विधेयकांना संमती मिळाली असेच धरले. त्यावर राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मे २०२५ मध्ये चौदा प्रश्न विचारून सर्वोच्च न्यायालयाचे मत मागितले. इथेही प्रश्नच, पण हे प्रश्न घटनेच्या रीतीने विचारलेले होते आणि त्यांना उत्तर मिळाले.

ते उत्तर २० नोव्हेंबर २०२५ रोजी आले. खंडपीठ पाच न्यायाधीशांचे होते आणि त्याच्या अध्यक्षस्थानी अमरावतीचे सुपुत्र सरन्यायाधीश भूषण गवई होते. त्यांनी सांगितले की, घटनेने मुदत लिहिलेली नाही, म्हणून न्यायालयाने ती लिहू नये. सही न होता 'सही झाली असे समजा' असेही न्यायालयाला म्हणता येणार नाही. पण राज्यपालांना तीनच वाटा आहेत: संमती देणे, राष्ट्रपतींकडे पाठवणे, किंवा संमती रोखून आपल्या म्हणण्यासह विधेयक सभागृहाला परत करणे. परत न पाठवता नुसतेच रोखून धरणे, ही चौथी वाट नाही. आणि कारण न देता दीर्घकाळ काहीच केले नाही, तर न्यायालय 'निर्णय घ्या' एवढे सांगू शकते. काय निर्णय घ्या, हे मात्र सांगणार नाही.

थोडक्यात, कामतांनी मागितलेले कॅलेंडर अजून घटनेत आलेले नाही. ते आणायचे तर संसदेला घटनादुरुस्ती करावी लागेल. पण उशीखाली फॉर्म ठेवून देणे हा अधिकार नव्हे, एवढे तरी आता देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे.

आपण काय विचारायचे?

पुढच्या वेळी 'अमुक विधेयक राज्यपालांकडे प्रलंबित' अशी बातमी वाचाल, तेव्हा पान उलटू नका. सरकार आपल्या आवडीचे आहे की नाही, हे क्षणभर बाजूला ठेवा. कारण आज जो पक्ष राज्यात आहे तो उद्या विरोधात असेल आणि त्याची मागणीही तशीच फिरेल. तीन साध्या गोष्टी शोधा. विधेयक राज्यपालांकडे कोणत्या तारखेला गेले? ते परत आले का, आणि आले असेल तर सोबत काय लिहून आले? आणि सभागृहाने त्यावर पुन्हा चर्चा केली का?

यांतल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते आणि दुसऱ्याचे मिळत नाही, अशी वेळ आली तर समजावे की कुणीतरी साखळी ओढली आहे आणि कारण सांगितलेले नाही. मग आपल्या आमदाराला, खासदाराला ते विचारावे. मत मागायला ते आपल्या दारी येतात, तेव्हा हा प्रश्न विचारण्याचा आपला हक्क आहे. प्राध्यापक वाधवांनी तरी वेगळे काय केले होते? त्यांनी तारखा मोजल्या आणि योग्य ठिकाणी जाऊन विचारले.